कॅमेऱ्यावरची टिकली

"आक्का, डबा ठेवा खाली. तिकडं काय वास जात न्हाई."

हौसाक्कानं माझं ऐकलं नाही. झाकण काढून तिनं डबा मॉनिटरसमोर धरला. आत गुळाच्या पोळ्या होत्या. पडद्यावर तिचा सुदाम बसला होता, त्याच्या मागं भिंत आणि भिंतीला टेकून जांभया देणारा शिपाई.

"आज संक्रात हाय," हौसाक्का म्हणाली. "तुज्या वाटणीच्या केल्यात बघ."

"दिसल्या आई. डबा खाली घे आता, तुजं तोंड दिसंना."

"माज्या तोंडाला काय सोनं लागलंय? पोळ्या बघ."

सुदाम हसला. दुकानाच्या दारात सातआठ माणसं उभी होती, त्यांतलं कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "हसतोय बघा. माणूस मारून हसतोय." हौसाक्काला कमी ऐकू यायचं. सुदामला मात्र ऐकू गेलं असावं, कारण त्यानं हसू आवरलं आणि मान खाली घातली.

गावात ऑनलाइनचं दुकान तेव्हा माझं एकटीचंच होतं. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, पोरांचे परीक्षेचे फॉर्म, सगळं माझ्याकडं. नवरा पुण्याला कंपनीत, महिन्यातून एकदा यायचा आणि दोन दिवस झोपून परत जायचा. दुकान माझ्या नावावर आणि माझ्या जिवावर चालायचं, आणि मला त्याचा भलता ताठा होता. सरपंच आला तरी मी त्याला रांगेत उभा करायचे.

मॉनिटरच्या डोक्यावर मी कॅमेरा बसवला होता आणि काम नसेल तेव्हा त्याच्या भिंगावर माझी एक टिकली चिकटवून ठेवायचे. ट्रेनिंगला गेले होते तेव्हा तिथल्या मास्तरांनी सांगितलं होतं की बाहेरचा माणूस त्यातून आपल्याला बघू शकतो. दिवसभर एकट्या बाईनं बसायचं म्हटल्यावर मी मोठ्यातली लाल टिकली घेतली आणि त्याचा डोळा झाकला. घरातल्या लॅपटॉपलाही तसलीच लावली. हौसाक्काची भेट असली की टिकली काढून कडेला चिकटवायची, भेट झाली की परत जागेवर. माझ्या मते टिकली लागली म्हणजे दार लागलं.

आता सुदामचं सांगते. त्यानं युवराजला मारलं होतं, यात काही खोटं नाही. पाण्याच्या पाळीवरून बांधावर भांडण लागलं, सुदामच्या हातात खोरं होतं, त्यानं दांडा डोक्यात घातला. युवराज तीन दिवस दवाखान्यात होता आणि चौथ्या दिवशी गेला. त्याची बायको कांचन तेव्हा पाच महिन्यांची गरोदर होती. युवराज म्हणजे विलासअण्णांचा धाकटा मुलगा, आणि विलासअण्णा म्हणजे दूध डेअरीचे चेअरमन. अख्खं गाव त्यांच्या डेअरीला दूध घालायचं. सुदामला सात वर्षांची सजा लागली.

हौसाक्का आधी एसटीनं जिल्ह्याच्या जेलात जायची. मग तिचे गुडघे गेले. त्याच सुमाराला जेलात कॉम्प्युटरवरून भेटायची सोय झाली. पंधरा दिवसांतून एकदा वीस मिनिटं, वीस मिनिटं झाली की आपोआप बंद. फॉर्ममध्ये मोबाइल नंबर लागायचा. तिच्याकडं मोबाइल नव्हता, म्हणून मी माझा घातला. एवढं एक चांगलं काम माझ्या हातून झालं, तेही सवयीनं.

हौसाक्का एक चूक दर वेळी करायची. कॅमेरा वर, सुदामचं चित्र खाली. ती लेकाकडं बघत बोलायची, म्हणजे खाली बघायची, आणि त्याला तिकडं नुसता पदर आणि पांढरा भांग दिसायचा. "आई, वर बघ की जरा," तो म्हणायचा. ती वर फिरत्या पंख्याकडं बघायची आणि म्हणायची, "वर काय हाय?" त्या काळ्या भोकात बघा, एवढं मी सांगितलं असतं तर भागलं असतं. मी सांगितलं नाही. मला कामं असायची, आणि खरं सांगायचं तर दारातली माणसं हसायची तेव्हा मीही हसायचे.

संक्रांतीच्या पुढच्या भेटीला सुदामनं एक कागद कॅमेऱ्यासमोर धरला. त्यावर मोठ्या अक्षरात 'हौसाबाई' असं छापलेलं होतं.

"आई, ह्ये मी टाइप केलं. कॉम्प्युटर शिकवत्यात हितं. परीक्षा झाली की सर्टिफिकेट मिळंल."

"काय लिवलंय?"

"तुजं नाव."

हौसाक्कानं पडद्यावर हात फिरवला. तिच्या बोटांना पीठ लागलेलं होतं, त्याचा पट्टा मॉनिटरवर उमटला. आणि ती हसली, अगदी मनापासून, दात नसलेल्या तोंडानं. दारातल्या कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला. संध्याकाळपर्यंत तो गावाच्या ग्रुपवर गेला आणि तिथून तालुक्यात फिरला. खाली माणसांनी काय काय लिहिलं ते मी सगळं वाचलं. आमच्या पोरांच्या शाळेतला कॉम्प्युटर बंद पडलाय आणि खुन्याला नवाकोरा. फाशी द्यायची सोडून सर्टिफिकेट देतात. ह्याला आता फोन द्या, पिक्चर बघंल. पलीकडच्या गावच्या एका मास्तरानं लिहिलं होतं की असल्यांची बोटं तोडली पाहिजेत, म्हणजे टाइप करायचा प्रश्न येणार नाही. त्याच्याखाली नव्वद अंगठे होते. त्यांतला एक माझा होता. ओळखीचे मास्तर, मुलांचे फॉर्म माझ्याकडंच भरायचे, म्हणून दाबला.

दुसऱ्या दिवशी विलासअण्णा दुकानात आले. सोबत कांचन होती, कडेवर पोर. अण्णा ओरडणारे नव्हते. ते खुर्चीत बसले, पाणी प्यायले आणि मला म्हणाले,

"सूनबाई, दुकान बरं चाललंय न्हवं?"

"तुमच्या आशीर्वादानं अण्णा."

"मग त्यो आशीर्वाद कशाला घालवतीस?"

"अण्णा, सरकारची सोय हाय. मी काय घरची दिली न्हाई."

"सरकार हितं राहत न्हाई. तू राहतीस." अण्णांनी ग्लास खाली ठेवला. "त्याला आम्ही सात वर्सं गावाभायेर घातलाय. तू पंधरा दिसाला ह्या डब्यातनं गावात आणतीस आन् त्यो हितं बसून हसतोय."

तेव्हा कांचन म्हणाली, "वहिनी, माज्या माणसाला लावता का फोन? ह्या पोरीनं बाप बघितला न्हाई. लावा की. मीबी डबा घिऊन येते."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. ती खरंच विचारत असल्यासारखी उभी होती. पोरगी मॉनिटरकडं हात करत होती.

त्या आठवड्यात माझ्या दुकानाकडं कुणी फिरकलं नाही. पीकविम्याची मुदत चालू होती आणि माणसं शेजारच्या गावात जाऊन फॉर्म भरत होती. मी दिवसभर रिकाम्या दुकानात बसले आणि एक मधला मार्ग काढला. मला वाटलं, मी फार हुशार.

भेट बंद करायची नाही. कॉल मी कापला तर माझ्या आयडीवर दिसणार आणि जेलातून विचारणा होणार. तेव्हा कॉल चालू ठेवायचा, पण बारा मिनिटं झाली की आवाज बंद करायचा, पडद्यावर एखादा फॉर्म उघडून सुदामचं चित्र झाकायचं, कॅमेऱ्यावर टिकली लावायची आणि म्हणायचं, "वेळ झाली आक्का, उठा." कागदावर वीस मिनिटं, गावाला सांगायला बारा. हौसाक्काला घड्याळ कळत नव्हतं. "आज लवकर झालं गं," असं पहिल्यांदा म्हणाली. "वेळ तेवढीच असती, तुम्हाला गोड लागली म्हणून कमी वाटली," मी म्हणाले. ती हसली. मग दुकानातच बाकड्यावर गुडघे चोळत बसायची आणि जे त्याला सांगायचं राहिलं ते मला सांगायची. कोंबडी बसलीय, शेवग्याला शेंगा आल्यात, त्याला शेवग्याची आमटी आवडती. मी फॉर्म भरत हूं हूं करायचे.

अण्णांना मी बारा मिनिटांचं सांगितलं. ते म्हणाले, "हळूहळू कमी कर." गिऱ्हाईक परत आलं. असं सव्वा वर्ष चाललं.

चैत्रात एके सकाळी हौसाक्का उठलीच नाही. शेजारणीनं दार ढकललं तर ती अंथरुणावर कुशीवर होती, पाय थंड झालेले. घरात कुणी नव्हतं. तिचा भाचा माहेरच्या गावाहून दोन माणसं घेऊन निघाला, त्याला यायला दहा वाजले. सुदामला रजा मिळावी म्हणून त्यानंच कुणाकडून तरी जेलात कळवलं होतं. गावात तणाव आहे असं पोलिसांनी लिहून दिलं आणि रजा नाकारली गेली.

साडेदहाला माझा मोबाइल वाजला. जेलातले साहेब होते.

"हौसाबाईंच्या भेटीसाठी हाच नंबर आहे आमच्याकडं. मुलाला अंत्यदर्शन द्यायचंय. अकरा वाजता लिंक पाठवतो. वीस मिनिटं. कराल ना एवढं?"

"करते साहेब," मी म्हणाले. माणूस मेल्यावर कोण नाही म्हणतं.

मी लॅपटॉप घेऊन हौसाक्काच्या अंगणात गेले. ऊन चांगलंच तापलं होतं. तिला आंघोळ घालून अंगणात ठेवली होती, तोंड उघडं. भाचा आणि ती दोन माणसं बांबू बांधत होती. गावातले पुरुष बाहेर रस्त्यावर उभे होते, कुणी अंगणात पाय टाकला नव्हता. सगळे विलासअण्णांची वाट बघत होते. भाच्याला घाम फुटला होता. तिरडीला चार खांदे लागतात आणि ते तिघं होते. शिवाय लाकडं, शिवाय वाट दाखवायला माणूस.

मी स्टुलावर लॅपटॉप ठेवला, मोबाइलचं नेट जोडलं, टिकली काढून कडेला चिकटवली. अकराला सुदाम दिसला. त्याचे डोळे सुजलेले होते. शिपाई आज भिंतीला टेकलेला नव्हता, सरळ उभा होता.

"वहिनी, आई कुटाय?"

"थांबा, फिरवते," मी म्हणाले.

तेवढ्यात अण्णा आले. मागं कांचन, आणि तिच्या मागं सगळी माणसं. अण्णांनी पायातलं काढलं, प्रेताला हात जोडले, आणि मग माझ्याकडं वळले.

"म्हातारीशी आमचं वैर न्हाई. गाव खांदा दील, लाकडं माज्या वाड्यातली जातील. पन ह्येला ह्या अंगणात आणायचं न्हाई. त्यो हितं आला तर आम्ही जातो. ठरवा तुमी."

भाच्यानं माझ्याकडं बघितलं. तो काकुळतीला आला होता. "वहिनी, ऊन वाढलंय," एवढंच तो म्हणाला.

"अण्णा, आईचं तोंड हाय," मी म्हणाले. एकदाच म्हणाले, आणि तेही हळू.

कांचन पुढं आली. सुदाम पडद्यावर होता, तिला तो दिसला, त्याला ती. कपाळ तिचं रिकामं होतं. तिनं लॅपटॉपच्या कडेची लाल टिकली नखानं उचलली, बोटाच्या टोकावर घेतली आणि नीट बघून भिंगावर दाबली.

"माजी पोरगी बाप बघितल्याबिगर वाढती," ती मला म्हणाली. "ह्यानं एक डाव आई बघितल्याबिगर ऱ्हावं."

ती टिकली काढायला मला एक सेकंद लागला असता. मी आवाज बंद केला, लॅपटॉप अर्धा मिटवला आणि दर वेळेसारखा कॉल चालू ठेवला. कागदावर वीस मिनिटं होऊन जातील, म्हटलं, माझ्यावर काही यायचं नाही.

मग सगळं सुरळीत झालं. गडी अंगणात आले. कुणी म्हणालं बांबू ओला आहे, कुणी म्हणालं चालतंय, कुठं लांब न्यायचंय. डेअरीतला बबन वजनाचा अंदाज घेत म्हणाला, "म्हातारी हलकी हाय, दोघंबी पुरं झालं असतं." दोघंतिघं दुधाच्या फॅटचं बोलत होते, सकाळी मशीन चुकीचं दाखवत होतं म्हणून. अण्णा शेवग्याच्या सावलीला बसले. बायका भिंतीकडं उभ्या होत्या, पदर तोंडाला लावून. अण्णांच्या देखत कोण रडणार.

बबनचं लक्ष स्टुलाकडं गेलं. "काय वहिनी, बघतोय काय त्यो अजून?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मला वाटलं, आता आपण कुणाच्या बाजूचे ते एकदाच दिसू दे.

"बघू दे की अंधार," मी म्हणाले. "सवय हाय त्येला."

माणसं हसली. प्रेताशेजारी हसली. अण्णाही मिशीत हसले. माझ्या अंगावरून ओझं उतरल्यासारखं झालं. तिरडी उचलली तेव्हा लॅपटॉपवर 'भेट पूर्ण झाली' असं आलं.

दुपारी साहेबांचा फोन आला. "झालं का दर्शन?"

"नेट जरा कमी हुतं साहेब. पन झालं."

"बरं. कैदी काही बोलत नाहीये, म्हणून विचारलं."

आठवडाभरात डेअरीच्या सगळ्या सभासदांचे फॉर्म अण्णांनी माझ्याकडं पाठवले. मी एक नवीन प्रिंटर घेतला. त्या काळात मला लाज वाटली का, असं विचाराल तर नाही वाटली. मी मजेत होते.

सुदाम सुटला त्याला आता वर्ष झालं. गावात आला आणि घर उघडून राहिला, कुणी काही केलं नाही. अण्णा वारले होते, कांचन पोरीला घेऊन तालुक्याला राहायला गेली होती. महिनाभरानं तो माझ्या दुकानात आला. केस पांढरे झाले होते. दुकानात दुसरं कुणी नव्हतं.

"वहिनी, आईचा मृत्यूचा दाखला पायजे. घर नावावर करायचंय."

"बसा," मी म्हणाले.

तो त्याच बाकड्यावर बसला. मी कीबोर्ड बडवत राहिले. तो कॅमेऱ्याकडं बघत होता.

"अजून टिकलीच लावता व्हय?"

माझे हात थांबले. "तुम्हाला काय म्हाईत टिकलीचं?"

"लावताना दिसायची की. बोट यायचं, मग काळं व्हायचं." तो सहज बोलत होता. "त्या दिशी मातर काळं न्हवतं. तांबडं दिसत हुतं. अंगणात ऊन असंल. पयलं मला वाटलं, आईवर गुलाल टाकलाय."

"त्या दिवशी नेट न्हवतं," मी म्हणाले.

"नेट चांगलं हुतं वहिनी. समदं ऐकू येत हुतं."

मी मान वर केली नाही.

"तुमी तुमच्याकडचा आवाज बंद करायचा. तुमाला माजं ऐकू यायचं न्हाई. मला तुमचं यायचं. दर भेटीला. बारा मिन्टं झाली की तुमी म्हनायचा, वेळ झाली आक्का, उठा. तिकडं भिंतीला घड्याळ हुतं माज्या. मग टिकली. आन् मग आई ह्या बाकड्यावर बसून तुमाला सांगायची. कोंबडी बसली, शेवगा आला. आठ मिन्टं ऐकायचो मी."

"मग बोललात का न्हाई कधी? जेलात सांगायचं. आक्काला सांगायचं."

"सांगितलं असतं तर तुमाला कळलं असतं, ऐकू जातंय म्हनून. तुमी त्येबी बंद केलं असतं." त्यानं बाकड्यावरून हात फिरवला. "माज्याशी बोलताना तिला डबा दाखवायचा असायचा. खरं बोलायची ती हितं बसून."

बाहेर कुणाची तरी मोटारसायकल गेली. मला वाटलं, कुणीतरी यावं, काही फॉर्म घेऊन यावं. कुणी आलं नाही.

"त्या दिशी," तो म्हणाला, "शिपायानं मला इचारलं, दिसत न्हाई तर उठतूस का. मी म्हटलं, थांबा. बांबूचं चाललंय, फॅटचं चाललंय, पन आता उचलत्याल, उचलताना कुनीतरी रडंल. वीस मिन्टं बसलो." तो माझ्याकडं बघायला लागला. "कुनीच रडलं न्हाई का वो, वहिनी?"

"रडले की," मी म्हणाले. "मी रडले हुते."

"न्हाई," तो म्हणाला. "तुमचा आवाज मला पाठ हाय. तुमी काय म्हनालात त्येबी पाठ हाय."

दाखला प्रिंटरमधून बाहेर आला. मी तो त्याच्यापुढं ठेवला. त्यानं आईच्या नावावरून बोट फिरवत ते वाचलं. घराच्या अर्जाला अर्जदाराचा तिथल्या तिथं काढलेला फोटो लागतो. तो नियमच आहे, त्याला माझा इलाज नव्हता.

"फोटो काढावा लागंल," मी म्हणाले, आणि टिकली काढून कडेला लावली.

तो खुर्ची ओढून मॉनिटरसमोर बसला. आई बसायची तिथंच.

"आता बोललेलं कुटं जातंय का ह्यातनं?" त्यानं विचारलं.

"न्हाई. नुसता फोटो."

"कुनी ऐकत न्हाई?"

"कुनी न्हाई."

"मग बोला की वहिनी. काय बोलायचं असंल तर."

तो वाट बघत राहिला. माझ्या तोंडात शब्द होते, ते इतके दिवस मी मनात घोळवले होते, आणि त्यातला एकही बाहेर पडेना. तो पडद्यावरच्या स्वतःच्या चित्राकडं बघत बसला होता, म्हणजे खाली. चौकटीत नुसतं त्याचं पांढरं डोकं येत होतं.

"वर बघा," मी म्हणाले. "त्या काळ्या भोकात बघा."

त्यानं वर बघितलं आणि मी फोटो काढला.